शिशाकडून रॉडकडे : पुळणीवरच्या लांब फेकीची प्रस्तावना

किनाऱ्यावरून गळ लांब फेकता यावा, एवढ्याच इच्छेने माणूस या विषयाच्या दारात येतो. आत आल्यावर दिसते की इथे बरेच काही एकत्र नांदते आहे : वाळू आणि लाटांचा भूगोल, हवेतून जाणाऱ्या वस्तूचे गणित, माशांच्या चरण्याच्या वेळा, आणि सूतगिरणीपासून विमान-संशोधनापर्यंत पोहोचणारा साधनांचा इतिहास. कोकणात गरवायला जाणारी माणसे गावोगाव आहेत. पाग कसा टाकावा, रापण कुठे लावावी, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. बारा-तेरा फुटी रॉड घेऊन पुळणीवरून शंभर मीटरवर शिसे टाकणे मात्र आपल्याकडे त्या मानाने नवे. या वाटेवर नव्याने येणाऱ्याचे मनापासून स्वागत करावे, आणि त्याचे पैसे व उमेद दोन्ही योग्य जागी खर्ची पडावीत, यासाठी ही प्रस्तावना.

पहिला प्रश्न साधनांचा नाहीच. लांब म्हणजे किती, आणि कशासाठी, हा आहे. वाळूच्या किनाऱ्याचा तळ सरळ उतरत जात नाही. लाटा वाळू ओढून नेतात आणि काही अंतरावर तिचा दांडा उभा करतात. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट चर राहतो. लहान मासे, खेकडे, उपसली गेलेली शिंपली या चरात जमतात आणि त्यांच्या मागावर मोठा मासा येतो. हा चर डोळ्यांनी वाचता येतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पटीवर आली की लाट फुटते. म्हणजे ६० सेंटिमीटरची लाट जिथे फुटते, तिथे अंदाजे ७५ सेंटिमीटर पाणी आहे. पांढऱ्या फेसाची रेघ संपून पुढे पाणी पुन्हा गडद आणि शांत झाले, तर तिथे तळ खाली गेला आहे. आमिष पडायला हवे ते त्या गडद पट्ट्यात. तो पट्टा ४० मीटरवर असताना १२० मीटर फेकणारा माणूस माशांच्या डोक्यावरून पलीकडे फेकतो. रावस तर फेसाळ, गढूळ, कमरेइतक्या पाण्यातही शिरतो. मुडदुशी पहिल्याच चरात वाळू उकरत असते.

आपल्या किनाऱ्याची आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. गोव्याकडे तो २ मीटरच्या आसपास राहतो. पुळणीचा उतार ५० मीटरला १ मीटर इतका मंद असेल, तर ४ मीटरच्या फरकाने पाण्याची कड २०० मीटर मागेपुढे होते. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते ते यामुळेच. कोणताही रॉड देऊ शकणार नाही इतके अंतर समुद्र आपणहून देतो. तेव्हा उधाणाच्या ओहोटीला पुळणीवर जावे, रॉड न नेता जावे, आणि भरतीला ज्यावर पाणी येणार आहे तो तळ पायाखाली घालून यावा. चर कुठे आहे, कातळ कुठे डोके काढतो, कालवे कुठे चिकटली आहेत, हे सगळे तेव्हा उघडे असते. किनाऱ्यावरच्या एखाद्या माडाची किंवा देवळाच्या कळसाची खूण धरून जागा वहीत टिपून ठेवावी.

वेळेचा हिशोब कोकणातली जुनी माणसे तोंडी करतात : तिथीला पाऊणाने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास. यातून एक गोष्ट आपोआप निघते. उधाणाच्या दिवशी पहाटे ओहोटी असते, आणि पहाटेची भरती हवी असेल तर अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची, धरावी लागते. लांब फेकीसाठी हे महत्त्वाचे, कारण थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि फेकणाऱ्याच्या पाठीशी असतो. दुपारी खारा वारा सुटला की तोच माणूस, तेच साधन घेऊन, कितीतरी अलीकडे पडतो. साधनांवर हजारो रुपये खर्चून जो फायदा मिळतो, तो अनेकदा पंचांग आणि वारा पाहून फुकट मिळतो.

मग लांब फेकीची खरी गरज कुठे भासते? जिथे तळ फार मंद उतरतो, दांडे बाहेर आहेत, आणि मासा त्या दांड्यांच्या पलीकडच्या कडेने फिरतो तिथे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातील केप हॅटरास हे याचे ठळक उदाहरण. तिथे मोठा रेड ड्रम हा मासा धरण्यासाठी ८ औंस, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम शिसे आणि त्यावर माशाचे मोठे आमिष असा भार फेकणारे जाडजूड रॉड वापरात आले. इंग्लंडमध्ये डंजनेसच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर कॉडसाठी १९६० च्या दशकात लेस्ली मॉन्क्रिफ यांनी शरीर मागे झुकवून सगळे वजन फेकीत घालण्याची पद्धत लोकप्रिय केली. पुढे शिसे लंबकासारखे झुलवून फेकण्याची रीत रुजली आणि मैदानावरच्या स्पर्धांतून फेकीचे अंतर हा स्वतंत्र खेळच झाला. जपानची परंपरा आपल्याला जास्त जवळची. तिथले लोक किसू नावाच्या बोटभर रुंदीच्या माशासाठी शंभर-दीडशे मीटर फेकतात आणि शिसे वाळूवरून हळूहळू ओढत आणतात. हा किसू म्हणजे आपल्या मुडदुशीचा सख्खा भाऊबंद. दोघे एकाच सिलॅगो कुळातले. उन्हाळ्यात तो किनाऱ्याशी येतो, थंडीत खोल पाण्याकडे सरकतो, आणि त्याच्या मागे जपानी रॉड लांबत गेले. या तिन्ही ठिकाणची साधने एकमेकांहून फार वेगळी आहेत, कारण मासा, तळ आणि आमिष वेगळे होते.

माझे मुख्य म्हणणे इथेच आहे. दुकानात निवड रॉडपासून सुरू होते. मग रॉडला शोभेल असे रीळ, मग दोरी, आणि शेवटी जाता जाता मूठभर शिसे. क्रम नेमका उलटा हवा. आधी आमिष, मग त्याला नेणारे शिसे, मग ते झेपणारा लीडर (शिसे आणि मुख्य दोरी यांच्यामधला जाड दोरीचा तुकडा), मग दोरी, मग रीळ, आणि सर्वांत शेवटी रॉड. गळाच्या टोकापासून मागे येत निवड केली की प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूचे उत्तर ठरते.

आमिषापासून सुरुवात करू. कोळंबी, तारली, बांगड्याचा तुकडा, माकुल, काहीही असो, ते हवेत पसरले की फेक गेली. लोंबणारी बांगड्याची पट्टी पंख्यासारखी हवा अडवते, वर अर्ध्या वाटेत गरीवरून निसटते ती वेगळीच. म्हणून आमिष बारीक इलॅस्टिक दोऱ्याने गुंडाळून लांबट, घट्ट करावे, आणि गरी शिशाच्या वरच्या क्लिपमध्ये अडकवावी. फेकीत आमिष शिशाच्या पाठीमागे, त्याच्या आडोशाने जाते. पाण्यावर आपटले की क्लिप सुटते. या क्लिपला किंमत जवळजवळ नाही, आणि तिने मिळणारे अंतर महागड्या रॉडने मिळणाऱ्या अंतराहून पुष्कळदा जास्त असते.

शिशाचे वजन दोन गोष्टींनी ठरते : ते हवेत किती लांब जाईल आणि तळावर टिकेल का. आपल्याकडच्या उघड्या पुळणीसाठी ११० ते १५० ग्रॅम हा व्यवहार्य पट्टा. पुढून जड आणि मागे निमुळते शिसे लांब जाते. पिरॅमिड आकाराचे वाळूत रुतते पण हवेत अडखळते. खाडीच्या मुखाशी ओढ जोराची असते तिथे तारांच्या नख्या असलेले शिसे घ्यावे. ओढ दिली की त्या नख्या उलट्या दुमडतात आणि शिसे मोकळे होते.

आता लीडर. या विषयात याहून गंभीर दुसरे काही नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. बऱ्यापैकी फेकणाऱ्याच्या हातून शिसे सेकंदाला ४० मीटर वेगाने सुटते, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. १५० ग्रॅमचे शिसे म्हणजे वजनाने जवळजवळ क्रिकेटचा चेंडू, आणि वेग चांगल्या जलदगती गोलंदाजाचा. ४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात त्या वेगाने फिरताना ते दोरीला सुमारे ६ किलोचा ताण देते. हा फक्त फिरण्याचा ताण झाला, वेग वाढवतानाचा झटका त्यावर. ०.३० मिलिमीटरचे तंगूस (एकेरी नायलॉनची दोरी) कोरडे आणि नवे असताना ७ किलोच्या आसपास तुटते, आणि गाठीत त्याहून आधी. म्हणजे लीडर न लावता जोरदार फेक करणे म्हणजे भरल्या पुळणीवर धातूचा गोळा मोकळा सोडणे. नियम सोपा आहे : दर १०० ग्रॅम शिशामागे सुमारे १६ किलो ताण सोसणारा लीडर. १५० ग्रॅमला २४ किलो, म्हणजे तंगुसात साधारण ०.७० मिलिमीटर. लांबी रॉडच्या दुप्पट, आणि वर स्पूलवर सहा-सात वेढे; ३.९ मीटरच्या रॉडला साडेनऊ मीटर धरून चालावे.

लीडर आणि दोरी यांची गाठ जवळून पाहण्यासारखी असते. थुंकीने ओली करून सावकाश आवळली तर वेढे एकाला एक लागून बसतात. कोरडी झटक्याने ओढली तर तंगूस पांढुरके होते, आणि तो पांढरा ठिपका म्हणजे उष्णतेने दुबळी झालेली जागा. अशी गाठ कापून टाकावी. टोके अगदी जवळून छाटावीत, कारण रॉडवरच्या गाइडच्या कडीतून जाताना उभे राहिलेले टोक टक् असा आवाज करते आणि अंतर खाते. फेकण्याआधी गाठ स्पूलवर कुठे आहे तेही पाहावे. ती तर्जनीखाली आली तर बोट फाडून जाते. पातळ ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, वापरत असाल तर चामड्याचे बोटमोजे घालायलाच हवे. आणि मागे, उजवीडावीकडे माणूस नाही हे पाहिल्याशिवाय हात उचलायचा नाही. रापण ओढली जात असेल तर तिच्या टप्प्यात शिसे टाकायचे नाही. ती पुळण आधी त्यांची आहे.

मुख्य दोरीचा प्रश्न अंतराच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक. हवा नसती तर ४० मीटर वेगाचे शिसे १६० मीटरच्या थोडे पुढे गेले असते. प्रत्यक्षात हवा आणि मागून ओढली जाणारी दोरी मिळून त्यातला मोठा वाटा घेतात, आणि आमिषासह शंभर मीटर ही चांगली फेक मानावी लागते. दोरी जितकी जाड, तितका हा वाटा मोठा. म्हणून लीडर जाड आणि दोरी बारीक अशी जोडी. तंगूस घ्यायचे तर ०.३० ते ०.३५. ब्रेड ०.२० मिलिमीटर जाडीतही तंगुसापेक्षा जास्त ताण सोसते आणि ताणली जात नाही; शंभर मीटरवर मुडदुशीने टोचलेले रॉडच्या टोकाला कळते. तिचे दोष मात्र आपल्या किनाऱ्यावर नेमके टोचतात. कातळाला, कालवांच्या धारेला ब्रेड चटकन कापली जाते, आणि वाऱ्यात ढिली गुंडाळली गेली तर असा गुंता होतो की सुरीच काढावी लागते. निव्वळ वाळूची पुळण असेल तर ब्रेड, कातळमिश्रित असेल तर तंगूस, असे मी सुचवीन. तुटलेली दोरी किनाऱ्यावर टाकू नये. वेळास आणि आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पायात अडकलेले तंगूस त्यांना सोडवता येत नाही.

रिळाची कथा रंजक आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर-उद्योगातले आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीत कांडीच्या टोकावरून सूत सुटते, कांडी फिरत नाही. तीच कल्पना गळाच्या दोरीला लागू झाली. दुसरी परंपरा फिरत्या स्पूलची, मल्टिप्लायरची. स्वीडनच्या स्वेंगस्टा गावात १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या आबू कंपनीने पुढे टॅक्सीमीटरही बनवले, मग १९५० च्या दशकात अँबॅसॅडर हे रीळ काढले, आणि किनाऱ्यावरच्या फेकीत त्याने मोठा पल्ला गाठला. घड्याळजीची अचूकता तिथे का लागली, ते आकड्यातून कळते : ४० मीटर वेगाने दोरी सुटताना ४५ मिलिमीटर व्यासाचे स्पूल मिनिटाला सुमारे १७ हजार फेऱ्यांच्या गतीने फिरते. शिशाचा वेग उतरला आणि स्पूलचा उतरला नाही की दोरी आतल्या आत फुगते. अंगठ्याचा सराव नसलेल्याने मल्टिप्लायरने सुरुवात करू नये. स्थिर स्पूलच्या रिळात तीन गोष्टी पाहाव्यात : स्पूल रुंद आणि पुढे किंचित निमुळते असावे, त्याची आत-बाहेर चाल ३५ मिलिमीटर किंवा अधिक असावी, आणि दोरी ओठापासून एक-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरलेली असावी. अर्धवट भरलेल्या स्पूलच्या ओठावर दोरी घासत राहते. रिळात बेअरिंग किती, हा विक्रेत्याचा आवडता आकडा; फेकीच्या अंतराशी त्याचा संबंध अगदी थोडा.

आणि आता रॉड. १९६० च्या दशकात फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात कार्बन तंतू विकसित झाला आणि पुढच्या दशकात तो रॉडमध्ये आला. काचतंतूचा लांब रॉड स्वतःच्याच वजनाने सुस्त होतो. कार्बनचा हलका असल्याने त्याच ताकदीत टोक जास्त वेगाने फिरते. लांबी वाढली की वर्तुळ मोठे होते, पण ते वेगाने फिरवण्याची ताकद हातात असेल तरच. मध्यम अंगकाठीच्या माणसाला ३.६ ते ३.९ मीटर पुरते, ४.२ मीटरचा रॉड घेऊन तो अर्ध्या वेगाने फिरवणारे खूप दिसतात. रॉडवर लिहिलेले वजन हे शिसे आणि आमिष मिळून धरावे. १२५ ग्रॅम शिसे व ३० ग्रॅम आमिष म्हणजे १५५ ग्रॅम. जपानी रॉडवर ‘३०-४०५’ असे छापलेले असेल तर ४०५ म्हणजे ४.०५ मीटर लांबी, आणि ३० हा शिशाचा जपानी क्रमांक, त्याला ३.७५ ने गुणले की ११२ ग्रॅम हा त्या रॉडचा नेमस्त भार निघतो. एसटीने जाणाऱ्याने तीन तुकड्यांचा घ्यावा. सांधे आजकाल चांगले असतात.

गाइडच्या कड्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. स्थिर स्पूलवरून दोरी गोल वळसे घेत सुटते, म्हणून खालची पहिली कडी मोठी आणि रिळापासून दूर लागते. ती लहान असेल तर वळसे तिथेच आपटतात. घेण्यापूर्वी कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. जिथे कापसाचा तंतू अडकून राहील तिथे आतल्या रिंगला तडा आहे, आणि तो तडा दोरी हळूहळू कापत राहील. जुन्या रॉडवरही हंगामाच्या सुरुवातीला हीच तपासणी करावी, आणि प्रत्येक वेळी परतल्यावर गोड्या पाण्याने कड्या व रीळ धुवावे.

सुरुवातीचे दिवस गरी न लावता, नुसत्या शिशाने, रिकाम्या पुळणीवर घालवावेत. जोर शेवटी लावायचा असतो, आरंभी नाही, हे हाताला तेव्हाच उमगते. अंतर मोजायला जपानी गरवणाऱ्यांची युक्ती घ्यावी : त्यांच्या दोरीचा रंग दर २५ मीटरला बदलतो आणि ते फेक मीटरमध्ये न सांगता रंगांत सांगतात, चार रंग म्हणजे शंभर मीटर. आपल्याकडे दर १० मीटरला रंग बदलणारी ब्रेड मिळते, तिनेही काम होते. तंगूस असेल तर रिळाचा दांडा एकदा फिरवल्यावर किती सेंटिमीटर दोरी येते ते पट्टीने मोजून फेरे मोजावेत. हे अंतर, तिथी, वारा आणि चराची जागा एकाच पानावर लिहीत जावे. चर ६० मीटरवर आणि आमिषासह फेक ७० मीटरची असेल, तर आणखी खर्चाचे कारण उरत नाही. चर ९० मीटरवर असेल तर आधी आमिषाची बांधणी आणि क्लिप, मग दोरीची जाडी, मग स्पूलवरची भरण तपासावी, आणि नवा रॉड घेण्याचा विचार त्यानंतर करावा.